शिंगतोंडीच्या तोंडाला हळद

फार वर्षांपूर्वी, जेव्हा मीठ घाटाखालून बैलांच्या पाठीवर यायचं आणि गावात वेळ सांगायला कोंबड्याशिवाय कुणी नव्हतं, तेव्हा पांगारतळं गावाच्या बाहेर, तळ्याच्या काठावर एक बाई राहायची. तिचं नाव भिवरा. पण तिला भिवरा कुणी म्हणत नव्हतं. मोठी माणसं तिला शिंगवाली म्हणायची आणि लहान पोरं शिंगतोंडी.

त्या काळी औषध म्हणजे काय, तर रक्त काढणं. डोकं दुखलं, कपाळाला जळू लावा. पाय सुजला, घोट्याला जळू लावा. गुडघा धरला, शिंगाची तुंबडी लावा. आणि ज्याला काय झालंय तेच कळत नाही, त्याची शीर तोडून ओंजळभर रक्त वाहू द्या. वाईट रक्त गेलं की माणूस बरा, असा सगळ्या मुलखाचा समज होता. पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळे चैत्रात एकदा रक्त काढून घ्यायचे, जसं आपण घर सारवून घेतो तसं.

भिवराच्या गळ्यात गाईचं एक काळं शिंग लोंबत असायचं. ती दुखऱ्या जागेवर बारीक चिरा द्यायची, शिंगाचं रुंद तोंड तिथं टेकवायची आणि टोकाच्या भोकाला तोंड लावून आतली हवा ओढून घ्यायची. मग जिभेखाली धरलेल्या मेणाच्या गोळीनं भोक बंद करायची. शिंग कातडीला घट्ट चिकटायचं आणि आत काळसर रक्त साचायचं. काम झालं की तिचे ओठ लाल दिसायचे. ती उंच होती, हाडकुळी होती. तापाच्या घरात जाताना ती नाकावर कडुनिंबात भिजवलेलं काळं फडकं बांधायची आणि त्या फडक्यातून ते शिंग चोचीसारखं पुढं यायचं. आता सांगा, अंधाऱ्या घरात तापानं फणफणलेल्या पोरानं डोळे उघडले आणि समोर हे दिसलं, तर ते किंचाळेल नाही तर काय!

असं म्हणतात की ती तळ्याच्या पाण्यावर फुंकर घालायची आणि सगळ्या जळवा रांगेनं काठावर यायच्या. ती हात पुढं करायची, ज्या कामाच्या तेवढ्या बोटांवर चढायच्या, बाकीच्या मुकाट्यानं परत जायच्या.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. भिवरा दारोदार फिरली, पण दोन लेकरं हातची गेलीच. आणि मग कुणीतरी म्हणालं, हिनंच शोषलं त्यांना. एकानं म्हटलं, दहांनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलेलं होतं.

त्या मुलखात एक रीत होती. जे गावात यायला नको, त्याचं रूप वेशीच्या भिंतीवर काढायचं. म्हणजे ते आपलंच ध्यान बघून मागं फिरतं. गावानं परगावचा एक चितारी आणला. त्यानं भिंतभर शिंगतोंडी काढली. काळं तोंड, पांढरे डोळे, नाकाच्या जागी लांब शिंग, शिंगाखाली लालभडक तोंड आणि दोन्ही हातांत लोंबणाऱ्या जळवा. चितारी रंग धुऊन निघाला तेव्हा त्यानंसुद्धा मागं वळून बघितलं नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी भिवरा आली. भिंतीसमोर उभी राहिली. लोक घरांच्या फटींतून बघत होते. ती बराच वेळ चित्र बघत राहिली आणि मग मोठ्यानं म्हणाली, "हात झ्याक काढल्यात. कानातलं तेवढं इसरला की रं!"

ती हसली आणि मागं फिरली. त्यानंतर तिनं वेशीच्या आत कधी पाऊल टाकलं नाही.

पोरांना मात्र ती रोज भेटायची. जेवत नाही? शिंगतोंडी येईल. झोपत नाही? शिंगतोंडी येईल. पांगारतळ्यात एकही आई नव्हती जिनं हे म्हटलं नसेल.

सगुणासुद्धा म्हणायची. सगुणा कोण, तर राघूची बायको. राघू बैल घेऊन मिठाला गेला की दीड-दोन महिने घरी नसायचा. घरात सगुणा, तिची सासू कोंडाई आणि पाच वर्षांचा नथू. नथूच्या आधी सगुणाची तीन बाळं गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा कोंडाईनं बाराव्या दिवशीच त्याची उजवी नाकपुडी टोचून त्यात सोन्याच्या तारेची बारीक नथ घातली आणि नाव ठेवलं नथू. यमाला वाटावं ही पोरगी आहे, आपण मुलगा न्यायला आलोय, चुकलं वाटतं घर. "ही नथ हाय तवर ह्यो हाय," कोंडाई म्हणायची. "ज्या दिवशी निघंल, त्या दिवशी यमाला आठवंल."

त्यामुळं सगुणाला दोन सवयी लागल्या होत्या. पोर झोपलं की ती त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची आणि मग बोट वर नेऊन नथ जागेवर आहे ना ते बघायची. पहाटे दळायला उठली की आधी हे आणि मग जातं. शेजारणी हसायच्या. हसू देत. ज्यांची तीन गेली नाहीत त्यांनी हसावं.

त्या चैत्रात नथूच्या नाकातून रक्त येऊ लागलं. पहिल्या दिवशी थेंब. उन्हाचं असेल, असं सगळे म्हणाले. सगुणानं टाळूवर कांदा ठेचून ठेवला. चौथ्या दिवशी बारीक धार. आठव्या दिवशी पोराचं अंथरूण लाल. आणि रक्त यायचं ते फक्त उजव्या नाकपुडीतून, जिथं नथ होती तिथूनच.

"नथीचं भोक नासलंय," कोंडाई म्हणाली. "वाईट रगत त्या वाटंनं येतंय."

मग दाजीबाला बोलावलं. दाजीबा गावाच्या शिरा तोडायचा. माणूस मनानं वाईट नव्हता, पण त्याला एकच गोष्ट येत होती आणि ती त्याला फार चांगली येत होती. त्यानं नथूचा हात धरला, नाडी बघितली आणि म्हणाला, "रगत नाकातनं येतंय म्हंजे आत मावंना झालंय. त्येला दुसरी वाट द्याया पायजे."

त्यानं कोपराजवळ पात्यानं चीर दिली. वाटीभर रक्त काढलं. नथू त्या रात्री शांत झोपला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, उतार पडला. सगुणा मात्र रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. ती शांतता तिला आवडली नव्हती.

चार दिवसांनी परत रक्त. परत दाजीबा, परत वाटी. आता पोर उठून बसेना. ओठ पांढरे पडले. नखं पांढरी पडली. सगुणा त्याला मांडीवर घेऊन पाणी पाजत होती, तेव्हा तो म्हणाला, "आये, नाकात चालतंय."

"काय चालतंय?"

"चालतंय काय तरी."

"तापात बरळतंय ग ते," कोंडाई चुलीपासून म्हणाली. "पदर फिरव तोंडावरनं." आणि सगुणानंही पदर फिरवला. खरं सांगायचं तर, ते तिनं ऐकून घेतलंच नाही. पुढं जन्मभर तिला स्वतःचा राग यायचा तो याचाच.

दाजीबा सांगून गेला होता, सोमवारी दुपारी येतो, तिसऱ्यांदा काढलं की सगळं साफ.

सोमवार उजाडला. सगुणानं नथूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाल असतं ना, तिथं धुतलेल्या तांदळासारखं पांढरं होतं. ती उठली. सासू देवळात नारळ ठेवायला गेली होती. सगुणानं पोर खांद्यावर टाकलं आणि वेशीकडं चालायला लागली. आपण कुठं चाललोय हे तिनं स्वतःला सांगितलं नव्हतं, असं म्हणतात. पायांनी सांगितलं.

वेशीवर ते चित्र होतं. ऊन बरोबर त्याच्या पांढऱ्या डोळ्यांवर पडलं होतं. सगुणानं नथूचं तोंड आपल्या मानेत दाबून धरलं, म्हणजे त्याला दिसू नये, आणि भिंतीला अंग चोरून बाहेर पडली.

भिवरा तळ्याकाठच्या पांगाऱ्याखाली बसून मडक्यातल्या जळवांचं पाणी बदलत होती. सगुणा दहा पावलांवर थबकली. पुढं पाय उचलेना.

"मला भ्यालीस व्हय?" भिवरानं वर न बघता विचारलं.

"व्हय."

"मग आलीस कशी?"

"ह्येचं भ्या तुमच्याहून मोठं हाय," सगुणा म्हणाली आणि तिथंच मट्कन बसली.

भिवरा उठली. तिनं पोराची पापणी बघितली, नखं बघितली, कोपराजवळच्या दोन चिरा बघितल्या. मग तिनं गळ्यातलं शिंग काढलं आणि पांगाऱ्याच्या फांदीला अडकवलं.

"आज ह्येचं काम न्हाई," ती म्हणाली. "कुणी काढलं ह्येचं रगत? ह्या पोरात आता काढाया काय शिल्लक हाय?"

असं म्हणतात की रक्त काढण्यात जिचा हात कुणी धरत नव्हतं, तिनं त्या दिवशी पहिल्यांदा हात मागं घेतला. आणि तिनं दुसरी एक गोष्ट केली, जी तोवर कुणीच केली नव्हती. ती पोराच्या समोर मांडी घालून बसली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि विचारलं, "काय हुतंय रं राजा तुला?"

नथू तिच्याकडं बघत राहिला. ओरडला नाही. बहुतेक अंगात तेवढं बळच नव्हतं.

"चालतंय," तो म्हणाला.

"कुठं?"

"नाकात."

"कवा चालतंय?"

"पाणी प्यालो की."

भिवरा मागं टेकली आणि सगुणाकडं बघितलं. "हे पोर तळ्यावर पालथं पडून पाणी पितं का? वासरावाणी?"

सगुणाच्या डोळ्यांसमोर आलं. होळीच्या आधी ती तळ्यावर धुणं धूत होती आणि नथू काठावर पोटावर झोपून पाण्याला तोंड लावत होता. बुड्बुड् करून दाखवत होता. ती हसली होती.

"आत जळू हाय," भिवरा म्हणाली. "गेली तवा दोऱ्याएवढी आसंल. आता पिऊन पिऊन मोठी झालीया. ती आतनं पितीया, दाजीबा भाईरनं काढतोय. पोर राहायचं कसं?"

मग तिनं काशाचं ताट घेतलं, तळ्यातलं गार पाणी भरलं आणि म्हणाली, "ह्येला आता पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई. नाक कोरडं पडू दे. तिला तहान लागू दे. मग ताट नाकाखाली धरायचं. गार पाण्याचा वास आला की ती भाईर डोकावती. पन त्याआधी ही नथ काढ. तिच्या वाटंत हाय ती."

सगुणानं पोराला छातीशी घट्ट धरलं. "नथ नगं."

"का?"

"तीन गेली माझी. ह्यो ह्या नथीवर राहिलाय."

भिवरानं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाई, ती यमाला फसवाया घातलीया. आत बसलीया ती जळू. नाक पोराचं का पोरीचं, तिला काय करायचंय?"

"तुम्हीच काढा मग."

"न्हाई. तू काढ. मी काढली आन काय कमीजास्त झालं, तर तुला जनमभर वाटंल, हिनंच नेलं माझं पोर. भिंतीवर हायेच मी. तुझ्या मनात आनखी नगं."

सगुणानं पोराला मांडीवर आडवं केलं. पाच वर्षं जी तार जागेवर आहे ना म्हणून तिनं दर पहाटे चाचपली, ती तार तिनं दोन बोटांत धरली. डोळे मिटले. आणि ओढली. नथ हातात आली. तिनं पोराच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. परत ठेवला. होत होती.

ऊन डोक्यावर आलं. नथू पाणी मागू लागला. पाणी मागणारं लेकरू समोर आणि ताटभर पाणी हातात, आणि द्यायचं नाही! सगुणानं ओठ चावून चावून रक्त काढलं, पण दिलं नाही. शेवटी भिवरानं खूण केली. सगुणानं पोराला पालथं मांडीवर घेतलं आणि त्याचं नाक ताटावर धरलं. पाण्यापासून बोटभर वर.

"आता हालायचं न्हाई," भिवरा कुजबुजली. "आवाज झाला की ती आत पळंल. मग परत येती का न्हाई, कोन सांगणार?"

आणि नेमकी तेव्हाच वेस गलबलली. कोंडाई पुढं, मागं दाजीबा, त्याच्या मागं काठ्या घेतलेला सगळा गाव.

"धरा तिला! माझ्या नातवाचं रगत ताटात काढतीया! आगं सटवे, नथ कुठाय त्येची? नथ कुठाय?"

सगुणानं मान वर केली. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत तिनं सासूपुढं मान वर केली नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "गप बसा."

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, पोर हलेल म्हणून. पण असं म्हणतात की ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. कोंडाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काठ्या खाली आल्या. पांगाऱ्यावरचा कावळा गप्प झाला, वारा पडला आणि तळ्याचं पाणी आरशासारखं थांबलं. सगळा गाव एका पोराच्या नाकाकडं बघत उभा होता.

आणि मग नाकपुडीतून काळं टोक बाहेर आलं.

आलं आणि आत गेलं. कुणी श्वास घेतला नाही. परत आलं. या वेळी बोटाच्या पेराएवढं. पाण्याकडं लांबलं, वास घेतला, आणखी लांबलं. भिवरानं हळदीत घोळलेल्या खरखरीत फडक्यानं ते चिमटीत धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं आणि जळू जशी ढिली पडेल तशी बाहेर येऊ दिली, उन्हातल्या दोरीवरून ओलं लुगडं हळूहळू घसरावं तशी. केवढी होती? कुणी म्हणतं वीतभर. कुणी म्हणतं हातभर. कोंडाई शेवटपर्यंत सांगायची, तळ्यापासून वेशीपर्यंत होती.

भिवरानं ती मडक्यात टाकली. पोराच्या नाकाला हळदीचं बोट लावलं. रक्ताचा एक थेंब आला आणि थांबला. मग सगुणानं त्याला पाणी पाजलं, पदरातून गाळून. नथू पीतच राहिला.

"आता चालतंय का रं?" भिवरानं विचारलं.

"न्हाई," नथू म्हणाला. मग तिच्याकडं नीट बघून म्हणाला, "तुझं शिंग कुठाय?"

तेव्हा कुणाला तरी हसू फुटलं आणि सगळा गाव हसला. एक दाजीबा हसला नाही. तो पुढं आला. हातात पातं तसंच होतं.

"बाई," तो म्हणाला, "मी दोन वाट्या काढलं. ते रगत मग कसलं हुतं?"

भिवरानं त्याच्याकडं बघितलं. तिला टोमणा मारता आला असता. तिनं मारला नाही.

"ते चांगलं हुतं, दाजीबा," ती म्हणाली.

दाजीबा घरी गेला. असं म्हणतात की त्यानं ते पातं तळ्यात टाकलं आणि त्या दिवसापासून तो पाणी गाळायची फडकी शिवून दारोदार वाटू लागला. ज्याला ती नको असायची, त्याच्या दारात तो घेईपर्यंत बसून राहायचा.

नथूला नाचणीची पेज आणि गूळ घालून घालून महिन्यात उभं केलं. राघू मीठ घेऊन आला, तेव्हा पोर वेशीपर्यंत पळत गेलं. नाकात नथ नव्हती. राघू थबकला. सगुणा म्हणाली, "आसू द्या. सांगते सगळं."

भिवराला न्यायला गाव गेला, वाजतगाजत गेला. चुलीत राख होती, पालथं मडकं होतं, ती नव्हती. फांदीला शिंग मात्र तसंच होतं. कुणी म्हणतं ती जळवा घेऊन दुसऱ्या मुलखात गेली. कुणी म्हणतं, तळ्यात उतरली आणि जळवा रांगेनं तिच्या मागून गेल्या. तेव्हापासून त्या तळ्यातली जळू माणसाला लागलेली कुणी पाहिली नाही, असं म्हणतात. आणि घरात पोर आजारी असलं की त्या फांदीवरचं शिंग वाऱ्यात वाजायचं. हूं… हूं… सगळ्यांना नाही ऐकू यायचं. त्या पोराच्या आईला तेवढं यायचं.

वेशीवरचं चित्र पुसायला लोक निघाले, तेव्हा सगुणा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "पुसू नगा," ती म्हणाली. "अशीच हुती ती. भ्या वाटायचंच. वाटू दे." मग तिनं हातावर हळद भिजवली आणि चित्राच्या त्या लालभडक तोंडाला लावली. आणि नथूची ती सोन्याची तार तिनं भिंतीत, चित्राच्या कानाच्या जागी खोचली. चितारी विसरला होता ना, ते कानातलं.

पुढं पांगारा वठला, शिंग कुठं गेलं कुणाला ठाऊक नाही. भिंत तीनदा पडली, तीनदा बांधली आणि दर वेळी चित्र तसंच काढलं, चोचीसकट, जळवांसकट. परगावचे पाहुणे आजही बघून दचकतात. पण तोंड लाल नसतं. पिवळं असतं. गावात बाळ जन्मलं की बारा दिवसांनी आई त्याला वेशीवर नेते, चित्राच्या तोंडाला हळद लावते आणि घरी येऊन दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी आधी स्वतः पिते.

आणि पांगारतळ्यात पोर आजारी पडलं, तर घरातलं कुणी आधी बोलत नाही. सासू नाही, सासरा नाही, शेजारीण नाही. सगळे गप्प बसतात आणि आई विचारते, "काय हुतंय रं राजा?" पोर सांगेपर्यंत थांबायचं. मग दवाखान्यात न्यायचं. तिथंही या गावच्या बाया डॉक्टरांना बजावतात, "आधी त्येला इचारा." नवीन आलेले डॉक्टर चिडतात. जुने विचारतात.

सोमवारी दवाखान्यात सुई आहे म्हणून पोर घाबरतं, तापानं रडतं, काही केल्या झोपत नाही. तेव्हा आई त्याच्या छातीवर हात ठेवते, श्वास बघते आणि त्याच्या कानाशी तेच म्हणते जे त्या गावातल्या आया पूर्वीपासून म्हणत आल्यात:

"गप रं माज्या सोन्या. शिंगतोंडी येईल."

आणि पोर झोपतं.